कुत्री ठणठणीत आहेत, मग कच्ची वजडी का बंद करायची?

पत्र थोडक्यात असं. सांगोल्याकडचा एक तरुण लिहितोय. घरी साठ-सत्तर माडग्याळ मेंढ्या, वीसेक शेळ्या, राखणीला तीन कुत्री: दोन कारवान आणि एक गावठी, काळ्या. रात्री लांडग्याची भीती असते, त्यामुळे कुत्री तगडी पाहिजेत. आधी ती भाकरी-ताकावर होती. दीड वर्षापूर्वी एका मित्राने मोबाईलवर व्हिडिओ दाखवले की कुत्र्याला कच्चंच द्यायचं, न धुतलेली वजडी तर सगळ्यात भारी. तेव्हापासून खाटकाकडून रोज पिशवीभर वजडी, आतडी, फोपसं (फुप्फुसं), कधी काळीज (लिव्हर) फुकट येतं आणि तसंच कच्चं टाकलं जातं. कुत्र्यांची कातडी चकाकायला लागली, अंगात जोर आला. आता जनावरांच्या डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय. वडील म्हणतात आमच्या बापजाद्यांपासून कुत्री हेच खातात, काय झालं? चुलतभाऊ म्हणतो कुत्रीच हाकलून दे. चुलतीचं गेल्या वर्षी लिव्हरवरच्या पाण्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तो कुत्र्यांवर डूख धरून आहे. घरात चार वर्षांची पुतणी आहे, ती काळ्याच्या गळ्यात पडूनच असते. प्रश्न असा की कुणाचं ऐकू?

दादा, तुमचं पत्र चार पानी आहे आणि त्यातली साडेतीन पानं कच्चं का शिजवलेलं यावर आहेत. मित्राचे व्हिडिओ, प्रोटीन, कातडीची चकाकी, सगळं सविस्तर. चुलतीच्या ऑपरेशनची ओळ मात्र पार शेवटी, जाता जाता, म्हणजे तेही घडलंय बरं का अशा थाटात. मला तिथूनच सुरू करायचंय, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नाचा जीव त्या एका ओळीत आहे.

तुम्ही लिहिता, "कुत्री ठणठणीत आहेत, एकदाही आजारी पडली नाहीत, मग नुकसान काय?" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय ना, की आता समोरचा तोंड उघडायच्या आत मला कळतं काय येणार आहे. गंमत अशी की कुत्रं ठणठणीत असणं हा इथे पुरावाच नाही. लिव्हरवर किंवा फुप्फुसात पाण्याची गाठ करणारा जो पट्टकृमी (फितीसारखा जंत) आहे, इकायनोकोकस त्याचं नाव, तो कुत्र्याच्या आतड्यात शेकड्यांनी, कधी कधी हजारांनी असतो तरी कुत्रं उड्या मारत असतं. तो असतो केवढा, तर अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास. विष्ठेत भाताच्या दाण्यासारखं वळवळताना दिसतं ते वेगळ्या जंताचं. हा डोळ्यांना दिसत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे तुम्ही रोज सकाळी कुत्र्याची विष्ठा निरखून बघितली तरी काही कळणार नाही.

आता हा येतो कुठून ते बघा. कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, ती चाऱ्यावर, पाण्यात पडतात. मेंढी ते खाते. मेंढीच्या काळजात नाहीतर फोपशात पाण्याने भरलेली गाठ तयार होते, खाटकाला विचारा, त्याने हजार वेळा बघितलेली असते, लिंबाएवढी, कधी त्याहून मोठी, पांढरट. तो ती खराब म्हणून कापून बाजूला टाकतो आणि तेच, नेमकं तेच, तुमच्या पिशवीत येतं. कारण माणूस ते विकत घेणार नाही ना! कुत्र्याने ती गाठ कच्ची खाल्ली की आतल्या कृमीच्या बारीक बारीक डोक्यांपासून त्याच्या आतड्यात नवे कृमी तयार होतात आणि साधारण सहा-सात आठवड्यांनी अंडी बाहेर पडायला लागतात. चक्र पुरं झालं. मेंढी आणि कुत्रं एवढ्यावर हे चक्र कायमचं फिरत राहू शकतं, माणसाची त्याला गरजच नाही. माणूस मध्येच चुकून सापडतो, हातावरून, न धुतलेल्या कोथिंबिरीवरून, कुत्र्याच्या केसांवरून. कुत्रं बुड चाटतं, मग अंग चाटतं, मग पोरगी त्याच्या गळ्यात पडते आणि तेच हात तोंडात घालते.

म्हणून एक गैरसमज आधी काढून टाका. माणसाला ही गाठ मटण खाऊन होत नाही. वजडीचा रस्सा घरात दोन पिढ्या खाताय, त्याने काही होत नाही. होतं ते कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांनी. खाटकाकडून आणलेलं आम्ही घरचे लोक नीट धुऊन शिजवून खातो असं तुम्ही अभिमानाने लिहिलंय, ते चांगलंच आहे, पण दार तुम्ही पुढचं लावलंय आणि मागचं उघडं ठेवलंय.

आणि आता चुलतीबद्दल, कारण मला वाटतं तुमच्या मनात कुठेतरी अपराधीपणा आहे आणि म्हणूनच ती ओळ एवढी खाली ढकललीत. ही गाठ फार हळू वाढते. सहसा वर्षानुवर्षं काही त्रासच होत नाही, मग एक दिवस पोटात दुखतं, सोनोग्राफी होते आणि कळतं. गेल्या वर्षी ऑपरेशन करण्याइतकी मोठी झालेली गाठ तुम्ही दीड वर्षापूर्वी सुरू केलेल्या वजडीने झाली असणं जवळपास अशक्य. ती खूप आधीची, कदाचित तुम्ही शाळेत असतानाची. तुमच्या चुलतभावाला हे नीट सांगा. पण याचाच दुसरा अर्थ पण लक्षात घ्या, आज जे दारात चाललंय त्याचा हिशोब पुतणी कॉलेजला जाईल तेव्हा येईल. मी घाबरवत नाहीये, सगळ्यांना होतं असं अजिबात नाही, बहुतेकांना होत नाहीच. पण ज्याला होतं त्याला ऑपरेशन, महिनोन्महिने गोळ्या, आणि गाठ आत फुटली तर जिवावरचं दुखणं.

बरं, आता तुमचा मित्र. तो अगदीच चुकीचा नाही हो, अर्धा बरोबर आहे. तुमच्या कुत्र्यांची कातडी खरंच सुधारली असणार, मला शंका नाही. पण का सुधारली? आधी त्यांना काय मिळत होतं, तर भाकरी आणि पातळ ताक. रात्रभर कळपाभोवती फिरणाऱ्या, पंचवीस किलोच्या कुत्र्याला त्यात मांसाचं प्रोटीन कमी पडतं, चरबी तर नाहीच. तुम्ही वजडी सुरू केली आणि ती कमतरता भरली. श्रेय वजडीचं आहे, कच्चेपणाचं नाही. हीच वजडी उकडून दिली असती तरी दीड वर्षात हीच चकाकी आली असती. ते व्हिडिओवाले म्हणतात की न धुतलेल्या वजडीतले एन्झाइम, चांगले बॅक्टेरिया वगैरे वगैरे. कुत्र्याचं स्वादुपिंड स्वतःचे एन्झाइम स्वतः बनवतं, त्याला मेंढीकडून उसने घ्यायची गरज नाही. आणि पोटातल्या हिरव्या चोथ्यात चांगले बॅक्टेरिया असतील तसे साल्मोनेला, ई. कोलाय पण असतात, मे महिन्याच्या उन्हात प्लास्टिकच्या पिशवीत दोन तास मोटरसायकलला लटकून आल्यावर कोण जास्त वाढलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा. तिकडे परदेशात जे लोक देतात ते बहुतेक वेळा तपासलेल्या जनावराचं, डीप फ्रीज केलेलं पाकीट विकत आणतात. आपल्याकडे गावातल्या कट्ट्यावर कापलेलं बोकड कुणी तपासलंय?

आणि "कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला शिजवलेलं नको" हे वाक्य तर तुमच्या तोंडी शोभत नाही, रात्री लांडग्यामागे धावणारं कुत्रं तुमच्याच दारात झोपतं! विनोद सोडा, खरोखरच २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी कुत्र्याचे आणि लांडग्याचे जीन्स ताडून बघितले तेव्हा दिसलं की पिष्ट पचवणाऱ्या जीनच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. माणसाच्या चुलीजवळ राहून राहून कुत्रं भाकरी खायला शिकलं, पोटातूनच शिकलं. त्यामुळे तुमच्या आजोबांनी भाकरी टाकली ती काही चूक नव्हती, फक्त नुसती भाकरी कमी पडते एवढंच.

वडिलांचं म्हणणं मला सगळ्यात अवघड वाटतं, कारण ते अनुभवातून बोलतायत आणि त्यांना वेड्यात काढून काही साधणार नाही. बापजाद्यांपासून चाललंय, खरंच आहे. पण तेव्हा मेंढ्यांचा वाडा फिरता होता, आज या रानात मेंढ्या बसवल्या, दोन-तीन दिवसांनी पुढच्या. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात, पावसाआधी परत. तुमचं शेड आता एका जागी आहे. तेच अंगण, तोच हौद, त्याच अंगणाच्या कडेला मेथी-कोथिंबिरीचा वाफा, आणि तिथेच तीन कुत्री रोज बाहेर बसतात. आजोबांच्या काळी हा आजार नव्हता असं म्हणायचं नाही मला, होता, पण पोटात गाठ आलेल्या माणसाची सोनोग्राफी कोण करत होतं? "पोटात गोळा झाला होता, गेला" एवढंच आपल्याला माहीत.

वडिलांना पटवायचं असेल तर पुस्तकी बोलू नका, मेंढपाळांचीच गोष्ट सांगा. आइसलँड नावाचं टीचभर बेट आहे, मेंढ्यांवर जगणारं. तिथे दीडशे वर्षांपूर्वी हा आजार घरोघरी होता. हाराल्ड क्राबं नावाचा डॅनिश माणूस १८६३ साली तिथे गेला, कुत्री तपासली, आणि शेतकऱ्यांना सांगितलं की कापलेल्या मेंढीचं आतलं कुत्र्याला कच्चं टाकू नका, गाठी जाळा नाहीतर खोल पुरा. पुढे १८६९ मध्ये त्यावर कायदा झाला. आज तिथे हा आजार नाही. न्यूझीलंडनेही १९५९ ला कायदा करून कुत्र्याला कच्चं आतलं घालणं बंद केलं. आणि तिथले मेंढपाळ काय कमी हट्टी होते असं वाटतं का तुम्हाला? त्यांचीही कुत्री कामाची, त्यांचेही बाप हेच म्हणायचे. तिथे कुत्र्यांना तपासायला जुलाबाचं एक औषध पाजायचे, अरेकोलीन, जे आपल्या सुपारीत असतं, मग जे पडेल ते तपासायचे. (म्हणून घरी सुपारी पाजू नका कुत्र्याला, लगेच कुणीतरी करून बघेल म्हणून सांगते, प्रमाण चुकलं तर कुत्रं जातं.) चाळीसेक वर्षं लागली, पण २००२ मध्ये न्यूझीलंडने आम्ही यातून सुटलो असं जाहीर केलं. दोन्हीकडे मेंढ्यांमागची कुत्री राहिलीच, मुख्य काम झालं ते कच्चं टाकणं बंद करून आणि कुत्र्यांना नियमित औषध देऊन.

म्हणजे चुलतभावाचंही उत्तर त्यातच आलं. कुत्री हाकलून काय होईल? रात्री लांडगा येईल आणि दिवसा गावातली मोकाट कुत्री येतील, ज्यांना कुणी औषध देत नाही आणि जी खाटकाच्या कट्ट्यामागे दिवसभर हेच खात असतात. स्वतःची, औषध दिलेली, ओळखीची तीन कुत्री दारात असणं हे त्यापेक्षा शंभर पटीने सुरक्षित.

आता औषधाचं. तुम्ही लिहिलंय, "शेळ्या-मेंढ्यांना जंताचं पाजतो तेव्हा उरलेलं कुत्र्यांनाही पाजतो." हे करू नका. ते बहुतेक अल्बेंडाझोल असतं, या पट्टकृमीसाठी कुत्र्याला त्याचा एखादा घोट देऊन काम होत नाही, वर कुत्र्याच्या रक्तावर त्याचा वाईट परिणाम होऊ शकतो. कुत्र्याच्या गोळीच्या पाकिटावर प्राझिक्वांटेल हे नाव आहे का ते बघा. डोस किलोला ५ मिलिग्रॅम, म्हणजे पंचवीस किलोच्या कारवानला १२५ मिलिग्रॅम, पण वजन अंदाजे धरू नका, एकदा धान्याच्या काट्यावर कुत्र्याला कडेवर घेऊन उभं राहा, मग स्वतःचं वजन वजा करा. आणि किती दिवसांनी, तर दर सहा आठवड्यांनी. वर सांगितलं तसं खाल्ल्यापासून अंडी पडायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्याच्या आत गोळी गेली की अंडी बाहेर यायच्या आधीच कृमी मेलेले. वर्षातून एकदा दिलेल्या गोळीने मनाचं समाधान होतं, बाकी काही नाही. गोळी दिली की दोन-तीन दिवस कुत्री बांधून ठेवा आणि तेवढ्या दिवसांची विष्ठा खोल पुरा नाहीतर जाळा, कारण गोळीने कृमी मरतो, अंडी मरत नाहीत. ती गार, ओलसर जागी महिनोन्महिने टिकतात. कोरड्या कडक उन्हात मात्र लवकर मरतात, आपल्या दुष्काळी पट्ट्याचा निदान एवढा तरी फायदा. म्हणून हौदाकडची ओली जागा आणि भाजीचा वाफा याला आधी तारेचं कुंपण घाला, बाकी अंगण नंतर.

वजडी बंद करा असं मी म्हणतच नाहीये हे आता लक्षात आलं असेल. फुकटचं चांगलं प्रोटीन आहे, का सोडायचं? जुनं पातेलं घ्या, ते फक्त कुत्र्यांचं. चोथा झटकून वजडी, आतडी पाण्यातून काढा, ते पाणी भाजीला घालू नका, आणि खळखळ उकळी फुटल्यापासून अर्धा तास शिजवा. काळीज, फोपसं द्यायचंच असेल तर तेही असंच, अर्धा तास पूर्ण, वर फेस आला म्हणजे झालं असं नाही. ज्यात गाठ दिसते ते शिजवायलाही घेऊ नका, सरळ जाळा. आणि गाठ सुरीने फोडून बघायची हौस नको, आतलं पाणी उडतं. मित्र म्हणतो फ्रीजरमध्ये ठेवून मारता येतं, येतं की, पण उणे अठरा-वीसला आठ-दहा दिवस सलग लागतात, आणि तुमच्याकडे लाइट किती तास असते ते तुम्हीच मला लिहिलंय. चुलच बरी.

काळीज रोज नको. त्यात व्हिटॅमिन ए भरपूर असतं, महिनोन्महिने पोटभर दिलं तर सांधे, मणके आखडतात, आठवड्यातून एक-दोनदा तळहाताएवढा तुकडा पुरे. वजडीत कॅल्शियम जवळपास नाही, त्यामुळे भाकरीत अंड्याच्या टरफलाची बारीक पूड अर्धा चमचा टाका. उकडलेली हाडं देऊ नका, ती चिरफाळतात आणि घशात नाहीतर आतड्यात रुततात. घरातला उरलेला कांदा-लसणाचा रस्सा पातेल्यात ओतायची सवय असेल तर तीही सोडा, कांदा कुत्र्याच्या रक्ताला वाईट. आणि मुंडी! मेंढीची मुंडी कच्ची फोडून कुत्र्यापुढे टाकतात त्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही पण विचारते, कळपातली एखादी मेंढी मान वाकडी करून एकाच बाजूला गरागरा फिरून मेलीय का कधी? तो पण एक पट्टकृमीच, मेंदूत गाठ करणारा, तोही कुत्र्यातूनच येतो. मुंडी कच्ची टाकणं बंद केलं की तुमच्या मेंढ्याही वाचतात, वडिलांना हे कदाचित सगळ्यात लवकर पटेल.

मेलेल्या मेंढीचं आणखी एक. आपोआप मेलेलं जनावर कुत्र्यांसमोर ओढून टाकायची पद्धत आहे, ती मोडा. अचानक मेलं, नाका-तोंडातून काळपट रक्त आलं, तर ते फाडूच नका, फाशी (अँथ्रॅक्स) असू शकते, डॉक्टरांना बोलवा आणि खोल पुरा. गाभडलेलं कोकरू आणि वार हेही कुत्र्याच्या तोंडी जाऊ देऊ नका, त्यातून ब्रुसेला हा जनावरं गाभडवणारा जंतू कुत्र्यात आणि पुढे दूध काढणाऱ्या माणसात यायला वेळ लागत नाही. पूर्वी हे सगळं गिधाडं साफ करायची, आता माळावर एक गिधाड दिसत नाही, डायक्लोफेनॅकने घालवली, आणि त्यांचं काम कुत्र्यांनी घेतलं, फरक इतकाच की गिधाड संध्याकाळी येऊन पोरीच्या मांडीवर बसत नव्हतं.

सगळ्यात मोठी अडचण आखाडात आणि जत्रेला येईल. तुम्ही रोजचं उकडाल हो, पण बिरोबाच्या जत्रेला किंवा घरी जागरण-गोंधळाला बोकड कापलं की पाहुणेच आतडी, फोपसं उचलून कुत्र्यांकडे भिरकावतात, गंमत म्हणून. त्या दिवशी कुत्री सकाळीच बांधा, आणि कापायच्या जागेजवळ आधीच एक खड्डा खणून ठेवा, दोन हात खोल, वर मोठा दगड. खड्डा समोर असला की लोक त्यातच टाकतात, नसला की कुत्र्यांपुढे टाकतात, एवढं साधं आहे ते.

घरच्या माणसांचं म्हणाल तर पुतणीला काळ्यापासून तोडू नका, ती तशीही ऐकणार नाही. जेवायच्या आधी साबणाने हात, नखं कापलेली, आणि काळ्याने तोंड चाटायचं नाही, एवढं जमवा. चुलतीला ऑपरेशननंतर सर्जन बोलवतील तेव्हा तेव्हा सोनोग्राफीला न्या, या गाठी परत येऊ शकतात. तेव्हाच त्यांना विचारून घ्या की घरातल्या बाकीच्यांची एकदा पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे करावा का. चुलतभावाला सोबत न्या. त्याचा राग खरं तर कुत्र्यांवर नाही, आईच्या पोटातलं ते काय होतं हे त्याला कुणी नीट समजावलंच नाही, ते डॉक्टरांकडून ऐकू दे.

आणि शेवटी ती गोळीची तक्रार. काळ्या गुळातली गोळी जिभेने बाजूला काढून थुंकतो म्हणता, अहो, तो गूळ खातो आणि तुम्हाला बनवतो. उकडलेल्या काळजाच्या तुकड्याला चीर द्या, गोळी आत खुपसा, आणि आधी एक बिनगोळीचा तुकडा टाका, मग लगेच गोळीचा, आणि तिसरा हातात दिसेल असा धरून ठेवा. तिसऱ्याच्या घाईत दुसरा न चावताच जातो.